नानांचे डायलिसिस आणि चार वेळचे ॲडमिशन

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे नानांना, डायलिसिस सुरू होऊन ऑक्टोबर २०२५ मध्ये सतरा महिने झाले. पहिले पाच महिने मशीनवरचे रक्ताचे डायलिसिस आणि नंतरचे बारा महिने घरी पोटातून केले जाणारे डायलिसिस, असे दोन्ही प्रकार आमच्या घराने पाहिले. या काळात नाना चार वेळा दवाखान्यात ॲडमिट झाले. चारही वेळची कारणे निराळी होती. पण प्रत्येक वेळी आधी काहीतरी घडले होते किंवा दिसले होते, ते आमच्यापैकी कोणाला तरी ठाऊक होते आणि त्याने ते बोलून दाखवले नव्हते. ज्यांच्या घरी हे नुकतेच सुरू झाले आहे किंवा होणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

आमचे गाव तापीकाठी आहे, जळगावपासून सुमारे ४५ किलोमीटरवर. घरची केळीची शेती आहे. नानांचे वय ७१ असून मधुमेह अठरा वर्षांपासूनचा आहे. जानेवारी २०२४ मध्ये किडनी किती बिघडली हे सांगणारे त्यांचे क्रिएटिनिन वाढून ५.६ आले, तेव्हाच किडनीच्या डॉक्टरांनी सांगितले होते की हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, करून ठेवा; तो तयार व्हायला दीड-दोन महिने किंवा अधिकही लागतात, आणि ऐनवेळी डायलिसिस लागले तर मानेत नळी टाकावी लागेल. आम्ही तो कागद फायलीत लावला. मशीन लागले म्हणजे माणूस संपला, अशी आमच्याकडे समजूत आहे, आणि शिकलेली असूनही मी त्या समजुतीला विरोध केला नाही. नानांनी "आखाजी होऊ द्या, मग पाहू" असे म्हटल्यावर सगळ्यांनाच बरे वाटले.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, १० मे रोजी होती. नणंद माहेरी आली होती, घरात सांजोऱ्या आणि आमरस होता. संध्याकाळी नणंद नानांचे पाय चेपायला बसली आणि तिने बोट उचलल्यावर नडगीवर पडलेला खळगा तसाच राहिला. तिने मला बोलावून तो दाखवला. आम्ही दोघींनी पाहिला आणि उन्हाने सूज आली असेल म्हणून विषय सोडला. १३ तारखेची रात्र नानांनी खाटेवर बसून, पुढे घडी घातलेल्या गादीवर डोके टेकवून काढली, कारण आडवे झाले की दम कोंडत होता. १४ मेच्या पहाटे त्यांना जळगावला नेले. रक्तातले पोटॅशियम धोक्याइतके वाढून ६.८ आणि फुप्फुसांत पाणी. तासाभरात मानेच्या शिरेत नळी टाकून डायलिसिस सुरू झाले. नऊ दिवस मुक्काम पडला.

त्या नऊ दिवसांतील कागदपत्रांविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण पैशांपेक्षा माझा जीव त्यातच अधिक गेला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात, मशीनचे डायलिसिस मोफत होते. त्यासाठी रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधारकार्ड द्यावे लागते आणि पूर्वमंजुरी यावी लागते. आमचे कार्ड केशरी होते, पण त्यावरचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक घेतलेला नव्हता, आणि आधारवर नानांच्या वडिलांचे नाव वेगळ्या प्रकारे लिहिलेले होते. यजमानांना तालुक्याच्या पुरवठा शाखेत तीन खेपा कराव्या लागल्या. मंजुरी येईपर्यंतचे ६४,००० रुपये आम्ही भरले. घरातल्या कोणाचे क्रिएटिनिन वाढू लागले असेल, तर फिस्टुलाच्या आधी नाही, तरी त्याच्यासोबत रेशनकार्डाचा क्रमांक आणि नावे तपासून घ्यावीत. शिवाय डायलिसिस केंद्रात नाव घालण्यापूर्वी कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही या तपासण्यांचे अहवाल मागतात. संसर्ग असलेल्या रुग्णांची मशीन वेगळी ठेवावी लागते. अहवालांच्या पाच-सहा झेरॉक्स प्रती काढून ठेवल्या तर प्रत्येक नव्या ठिकाणी धावाधाव होत नाही.

सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वार मिळाले. सकाळी साडेपाचला घर सोडायचे, चार तास मशीनवर, मग टाक्याजवळ दाबून ठेवलेली पट्टी, रक्तदाब, नाश्त्याचा डबा, आणि दुपारी दोनच्या सुमारास ४३-४४ अंशांच्या उन्हात परत. डायलिसिसच्या रुग्णाला एस.टी.च्या साध्या बसमध्ये प्रवासाची सवलत असते आणि केंद्राचे प्रमाणपत्र दाखवून ती घेता येते, परंतु मशीनवरून उतरलेल्या माणसाचा रक्तदाब इतका खाली गेलेला असे की आम्ही गाडीच करत होतो. एका फेरीचे १,४०० रुपये. उपचार मोफत असूनही महिन्याला अठरा हजार फक्त रस्त्यावर गेले.

दुसरे ॲडमिशन १९ जूनला, बुधवारी झाले. मशीन सुरू होऊन पाऊण तास झाला असेल. नाना थरथर कापू लागले, दात वाजू लागले आणि ताप १०३ वर गेला. मानेतल्या नळीतून जंतू थेट रक्तात गेले होते. रक्ताचे कल्चर घेतले, ती नळी काढली, शिरेतून प्रतिजैविके दिली आणि काही दिवसांनी छातीच्या कातडीखालून नेलेली जास्त काळ टिकणारी नळी, जिला सगळे पर्मकॅथ म्हणतात, ती बसवली. बारा दिवस लागले. डॉक्टरांनी विचारले की याआधी कधी हुडहुडी भरली होती का. यजमान गप्प राहिले. नाना म्हणाले, सोमवारी मशीनवर थोडी थंडी वाजली होती, पण एसी जोरात आहे असे वाटले. शनिवारी अंगावर दोन तांबे पाणी घेताना पट्टी भिजली होती, हे सासूबाईंना ठाऊक होते. मशीनवर असताना भरलेली हुडहुडी ही एसीची नसते असे समजून टेक्निशियनला लगेच सांगावे, आणि पट्टी भिजली किंवा सुटली तर डायलिसिसच्या पुढच्या पाळीची वाट न पाहता बदलून घ्यावी. आंघोळीऐवजी अंग पुसून काढणे हा उन्हाळ्यातला जुलूम आहे, पण नळी आहे तोवर इलाज नाही.

नळीपेक्षा फिस्टुलामध्ये रक्तात जंतू जाण्याचा धोका बराच कमी असतो, म्हणून ११ जुलैला डाव्या हातावर फिस्टुला केला. त्या हातावर बोट ठेवले की मांजर घुरघुरल्यासारखी थरथर लागते. ती रोज सकाळ-संध्याकाळ पाहायची, त्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, सुई टोचू द्यायची नाही, त्या कुशीवर झोपायचे नाही. नाना हे सारे शाळकरी मुलासारखे पाळत होते. तिसऱ्या आठवड्यात थरथर लागेनाशी झाली. मधुमेहाने रक्तवाहिन्या कडक झालेल्या, त्यामुळे फिस्टुला चालला नाही. जानेवारीत केला असता तर चालला असता का, हे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही, आणि मीही पुन्हा विचारले नाही.

तिसऱ्या ॲडमिशनची जबाबदारी संपूर्ण घराची आहे. ११ ऑगस्टच्या रविवारी आमच्या भावकीत कानबाई, ही आमच्या खानदेशातली देवी, बसली आणि सोमवारी सकाळी विसर्जन होते. सोमवारची पाळी मंगळवारी घेऊ, एका दिवसाने काय होते, असे ठरले. केंद्रानेही मंगळवारची जागा दिली. आठवड्यात तीन वेळा डायलिसिस असले की एक खंड मोठा येतोच, आमचा शुक्रवार ते सोमवार होता, आणि तोच आम्ही चार दिवसांचा केला. रोटाचे जेवण, पुरणपोळी, कढी, घरभर पाहुणे, आणि पाण्याचा हिशेब कोणाकडेच नव्हता. नाना मला दोनदा म्हणाले, "माले तीस लागनी, माय," आणि सणाच्या दिवशी म्हाताऱ्या माणसाला पाणी नाही म्हणणे माझ्याच्याने झाले नाही. सोमवारी संध्याकाळी त्यांच्या चपलेचा पट्टा बसेना, तेव्हा तो सैल करून दिला. रात्री दीड वाजता ते उठून बसले आणि तोंडातून गुलाबी फेस आला.

जळगावला पोहोचल्यावर वजन केले तेव्हा ड्राय वेटपेक्षा, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनापेक्षा, ४.६ किलो अधिक भरले. चार दिवस अतिदक्षता विभागात होते. नंतर वाचनात आले की अमेरिकेत सुमारे ३२,००० रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन दिवसांच्या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयविकाराने दवाखान्यात भरती होण्याचे प्रमाण इतर दिवसांपेक्षा जास्त आढळले होते. आम्हांला ते अभ्यासाविनाच कळले. दवाखान्यातून आल्यावर आम्ही एक पद्धत घातली: सकाळी ठरलेल्या पाण्याची बाटली भरून ठेवायची, आणि नानांनी चहा घेतला की तेवढे, औषधासोबत पाणी घेतले की तेवढे, वरण पातळ असले की त्याच्या अंदाजाने तेवढे पाणी बाटलीतून काढून झाडाला घालायचे. दिवसभरात किती उरले हे नानांना डोळ्यांनी दिसे आणि मला नाही म्हणावे लागत नसे. किती पाणी चालेल हे डॉक्टर लघवीच्या प्रमाणावर ठरवतात. नानांना लघवी होत होती तेवढे अधिक अर्धा लिटर, असा हिशेब होता.

याच मुक्कामात हृदयाची टूडी इको झाली. हृदयाची पंपिंग क्षमता ३५ टक्क्यांवर आली होती, आणि मशीनवर चार तासांत तीन-तीन लिटर पाणी ओढले की रक्तदाब कोसळत होता. फिस्टुला नाही, हृदय कमजोर, गाव लांब. म्हणून डॉक्टरांनी पोटाच्या डायलिसिसचा विषय काढला, म्हणजे पोटातल्या नळीतून पिशवीतले पाणी आत सोडायचे आणि काही तासांनी काढून घ्यायचे. मी त्यांना सरळ विचारले की दवाखान्यात भरती होण्याचा धोका कोणत्या प्रकारात कमी आहे. त्यांचे उत्तर मला अजून आठवते, कारण त्यांनी कोणत्याच प्रकाराची जाहिरात केली नाही. ते म्हणाले, दोन्हींत रुग्ण ॲडमिट होतोच, सुरुवातीचे तीन महिने दोन्हींत अवघड असतात, कारणे तेवढी बदलतात. मशीनवर नळीचा जंतुसंसर्ग, दोन पाळ्यांमधले पाणी आणि पोटॅशियम, आणि हृदयावर पडणारा ताण. पोटाच्या डायलिसिसमध्ये पाणी रोज हळूहळू निघते म्हणून हृदयाला सोपे, पण पोटाच्या पडद्याला जंतुसंसर्ग होण्याची भीती असते, आणि तो बहुधा पिशवी जोडणाऱ्याच्या हातून होतो. "तुमच्या घरात हात धुणारा माणूस कोण आहे?" असा त्यांचा शेवटचा प्रश्न होता.

पोळ्याच्या दिवशी, २ सप्टेंबरला, घरात बसून निर्णय झाला. नळी नाशिकला बसवायची ठरली. डायलिसिसच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका व्यक्तीला रेल्वेच्या स्लीपरमध्ये ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते, साध्या चिठ्ठीवर तिकीट खिडकीवरून परत पाठवतात. १२ सप्टेंबरला पोटात नळी बसली. जखम भरायला दोन आठवडे द्यावे लागले आणि तोवर छातीच्या नळीवरून मशीनचे डायलिसिस चालूच होते. २६ सप्टेंबरपासून सहा दिवस माझे आणि पुतण्याचे प्रशिक्षण झाले. पुतण्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. मी शाळेत असते, म्हणून दुपारची पिशवी त्याच्याकडे आली.

प्रशिक्षण देणाऱ्या सिस्टरांनी मोबाइलवर आमच्या घराचे फोटो मागितले आणि पहिलाच प्रश्न छताचा केला. आमचे घर धाब्याचे आहे. उन्हाळ्यात त्याच्यासारखा गारवा सिमेंटच्या घराला नाही, पण लाकडांवरची माती बारीक-बारीक गळत असते. सकाळी पांघरुणावर तिचा थर दिसतो. उघड्या नळीवर ती पडली तर काय होईल हे सांगावे लागले नाही. कोपऱ्यातल्या खोलीला पीव्हीसीचे छत, खाली फरशी, भिंतींना ऑइलपेंट आणि दाराबाहेर कोपराने उघडता येईल अशा तोटीचे बेसिन, असे ४१,००० रुपयांचे काम केले. पिशव्यांची खोकी मात्र धाब्याच्याच खोलीत ठेवतो, कारण त्यांना ऊन आणि उष्णता चालत नाही.

९ ऑक्टोबर २०२४ ला मशीनचे शेवटचे डायलिसिस झाले आणि दुसऱ्या दिवसापासून घरी सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा अशा तीन पिशव्या सुरू झाल्या. पंखा बंद, दार बंद, मास्क, साबणाने हात. आधीचे पाणी वीस-पंचवीस मिनिटांत खालच्या पिशवीत उतरते, मग दोन लिटरचे नवे पाणी दहा मिनिटांत आत जाते. पिशवी हीटिंग पॅडवर कोमट करायची, गरम पाण्यात बुडवायची नाही. उतरलेले पाणी वजनकाट्यावर मोजून वहीत लिहायचे. बद्धकोष्ठ झाले की पाणी नीट उतरत नाही, हे आम्हांला दिवाळीत कळले. पिशवीत साखर असते, म्हणून नानांचे इन्सुलिन वाढवावे लागले, आणि पाण्यावाटे प्रथिने जातात म्हणून माळकरी घरात अंडी शिरली, ती सासूबाईंच्या परवानगीने आणि वेगळ्या पातेल्यात. महिन्याला ९० पिशव्या, नळीच्या टोकाच्या टोप्या आणि वाहतूक धरून सुमारे २६,००० रुपये लागतात, आणि ते आम्ही स्वतः भरतो. मशीनच्या काळातले गाडीभाडे आणि तीन मुक्कामांचा वरखर्च एकत्र केला तर फरक वाटतो तितका मोठा नाही, पण दरमहा ठरलेल्या तारखेला रोख लागते, आणि केळीचे पैसे ठरलेल्या तारखेला येत नाहीत.

चौथे ॲडमिशन २५ फेब्रुवारी २०२५ ला. सकाळची पिशवी उतरली ती तांदळाच्या धुवणासारखी गढूळ. सिस्टरांनी शिकवले होते तसे मी पिशवीखाली वर्तमानपत्र ठेवले. अक्षरे वाचता येईनात. नाना म्हणाले, पोट रात्रीपासून दुखते आहे. ती पिशवी न फेकता सोबत घेऊन आम्ही निघालो. त्या पाण्यात पांढऱ्या पेशी १,८४० निघाल्या. १०० च्या वर गेल्या आणि त्यात निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल या प्रकारच्या असल्या की पोटाचा संसर्ग धरतात. प्रतिजैविके पिशवीतूनच पोटात सोडली, पाच दिवस तिथे आणि पुढे दोन आठवडे घरी. पाचव्या दिवशी पाणी स्वच्छ दिसू लागले.

कारण मला घरी आल्यावर समजले. रविवारी, २३ तारखेला, मी लग्नाला गेले होते. अडीच वाजता भारत-पाकिस्तानचा सामना सुरू होणार होता. पुतण्या पिशवी जोडत असताना नळीचे टोक नानांच्या धोतराच्या काठाला लागले, आणि रागावतील या भीतीने त्याने ते तसेच जोडून दिले. नानांनीही पाहिले होते. दोघांनी मिळून गप्प राहायचे ठरवले होते. टोक कशालाही लागले तर जोडायचे नाही, चिमटा बंद करायचा आणि केंद्राला फोन करायचा. ते नळीचा बाहेरचा भाग बदलतात आणि गरज वाटल्यास आधीच औषध देतात. हे त्याला येत होते. त्याला फोन करता आला नाही, कारण चूक सांगितल्यावर घरात काय होते ते त्याने मशीनच्या काळात पाहिले होते. भिजलेल्या पट्टीवरून मी सासूबाईंना काय-काय बोलले होते, ते माझ्या लक्षात आहे. तेव्हापासून वहीत शेवटचा एक रकाना 'काय चुकले' असा आहे. त्यात लिहिणाऱ्याला कोणी काही बोलायचे नाही असे ठरले आहे. जूनमध्ये त्यात पुतण्याने 'पंखा बंद करायला विसरलो' असे लिहिले आणि ऑगस्टमध्ये मी स्वतः 'मास्क नव्हता' असे लिहिले.

फेब्रुवारीनंतर आजवर ॲडमिशन नाही. म्हणून पोटाचे डायलिसिस चांगले आणि मशीनचे वाईट, असे मी मुळीच म्हणणार नाही. आमच्याच पाळीला एरंडोलकडचे एक काका होते. त्यांचा फिस्टुला सहा वर्षे चालतो आहे, ते स्वतः मोटारसायकलवर येतात आणि डायलिसिससाठी म्हणून कधी भरती झालेले नाहीत. नाशिकला भेटलेल्या एका बाईंना वर्षात तीनदा पोटाचा संसर्ग झाल्याने नळी काढून मशीनवर जावे लागले. आमच्याकडे पोटाचे डायलिसिस करणारे रुग्ण थोडे आहेत, आणि जुलैत नानांना ताप आला तेव्हा जवळच्या दवाखान्यातल्या सिस्टरांनी ही पिशवी कधी पाहिलेलीच नव्हती. त्यामुळे दाराजवळ एक पिशवी भरून ठेवली आहे, तिच्यात चार दिवसांच्या डायलिसिसच्या पिशव्या, टोप्या, चिमटे, मास्क, शेवटचे अहवाल, औषधांची यादी आणि सध्याचे ड्राय वेट मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद आहे.

सप्टेंबरच्या तपासणीत पोटॅशियम ३.२ आले. मशीनच्या काळात ज्याच्या भीतीने केळ बंद केले होते आणि भाज्या दोन पाण्यांतून उकळून घेत होतो, ते आता रोजच्या पाण्याबरोबर जास्तच निघून जात होते. डॉक्टर म्हणाले, पुढच्या तपासणीपर्यंत रोज अर्धे केळ द्या. नानांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. दीड वर्ष ते स्वतःच्या बागेत जाऊन घडांना हात लावून परत येत होते. त्या संध्याकाळी त्यांनी केळ सोलले, सुरीने बरोबर मधोमध कापले आणि उरलेले अर्धे पुतण्यापुढे धरले. नोव्हेंबरच्या ७ तारखेला पुन्हा तपासणीसाठी रक्त द्यायचे आहे.